आपली बरोबरी कोणाशी?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण घरामागच्या वाडीत चार खोल्या पाहुण्यांना देते, तेव्हा त्याबद्दल बोलेन. येथे बसलेल्या कितीतरी जणींच्या दारावर ‘राहण्या-जेवणाची घरगुती सोय’ अशी पाटी आहेच.

मागच्या मे महिन्यात आपल्या आळीत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एका घराने पाटीवरचा दर शंभर रुपयांनी उतरविला. दुपारी समोरच्या घराने दोनशेंनी उतरविला. आठवडाभरात सगळी आळी खाली आली आणि वटपौर्णिमेला आपण एकाच वडाला दोन वेगवेगळ्या वेळी गेलो! नावे मी घेत नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे : ज्यांच्याशी आपण स्पर्धा करीत होतो, ते खरोखर आपले स्पर्धक आहेत का?

माझा भाचा मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात हिशेबाच्या खात्यात आहे. त्याला मी विचारले, तुमचे हॉटेल आपली बरोबरी कोणाशी धरते? तो म्हणाला, मावशी, आम्ही समोर दिसेल त्याच्याशी भांडत नाही. साधारण तेवढ्याच खोल्या, तसाच दर्जा, त्याच भागातली जागा, जवळपासचा दर आणि त्याच तऱ्हेचा गिऱ्हाईक, अशी चार-सहा हॉटेले निवडून त्यांचा एक गट धरतात. अमेरिकेत स्मिथ नावाच्या नवरा-बायकोंनी १९८५ साली एक कंपनी काढली; एसटीआर तिचे नाव. हॉटेले आपापले आकडे तिला कळवितात आणि तिच्याकडून गटाची बेरीज परत मिळते. एकट्यादुकट्याचा आकडा कोणाला दाखवीत नाहीत. झाकली मूठ झाकलेलीच राहते, आणि तरी आपण कोठे आहोत ते कळते. मला ही युक्ती फार आवडली.

हिशेब आपल्यालाही जमण्यासारखा आहे. समजा, माझ्या चार खोल्या आणि माझ्यासारख्या इतर घरांच्या मिळून सोळा. शनिवारी त्यांच्या आठ भरल्या, म्हणजे निम्म्या. माझ्या दोन भरल्या तर मी बरोबरीत, त्याला ते शंभर म्हणतात. तीन भरल्या तर दीडशे, एकच भरली तर पन्नास. पण तीन भरल्या म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. दोन खोल्या दोन हजारांनी दिल्या तर चार हजार येतात. दर पाडून तीन खोल्या बाराशेंनी दिल्या तर छत्तीसशे. शिवाय एका खोलीच्या चादरी जास्त धुवावयाच्या, पंप जास्त चालवावयाचा आणि पहाटे उठून चहाही जास्त करावयाचा. म्हणून मोठी हॉटेले नुसत्या भरलेल्या खोल्या मोजीत नाहीत. आलेले पैसे सगळ्या खोल्यांवर, रिकाम्यांवरसुद्धा, वाटून पाहतात.

आता गटात कोणाला धरावयाचे? आपण समोरच्या घराकडे पाहतो, कारण ते दिसते. पाहुण्याला मात्र भलतेच काही दिसत असते. तो मुंबईत किंवा पुण्यात बसून हातातल्या फोनवर पाहतो आणि दोन दिवसांची रजा कोठे घालवावी याचा विचार करतो. जुलै महिन्यात तो अलिबागच्या खोलीची तुलना दुसऱ्या खोलीशी करीत नाही. लोणावळ्याच्या धबधब्याशी करतो. समुद्र खवळलेला, गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची पावसात बंद. त्या महिन्यात आळीत कोणी कितीही दर उतरविला तरी तो लोणावळ्याचा पाहुणा काही इकडे वळावयाचा नाही.

रस्ता बदलला की स्पर्धकही बदलतो. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले, लांबी जवळजवळ २२ किलोमीटर. आपण सगळ्यांनी आनंद मानला, आणि मानावा असेच ते आहे. पण त्यामुळे एक नवा स्पर्धक उभा राहिला, तो म्हणजे पाहुण्याचे स्वतःचे घर! सकाळी यावयाचे, समुद्रात डुंबावयाचे, मासे खाऊन रात्री आपल्याच गादीवर निजावयाचे. अशाला खोली स्वस्त देऊन काय उपयोग? त्याला रात्री थांबावेसे वाटेल असे काही हवे. थंडीत मी वालाच्या शेंगांची पोपटी लावते. मडके संध्याकाळी लागते, उघडेपर्यंत रात्र होते, मग कोण परत जातो!

आणि तो पोहण्याच्या तलावाचा मोठा रिसॉर्ट? त्याची आपण उगीच धास्ती घेतली आहे. शनिवारी तेथे जाणारा पाहुणा आपल्याकडे येणारा नव्हताच. मात्र बुधवारी त्याच्या खोल्या ओस पडतात आणि तो दर निम्म्यावर आणतो, तेव्हा जपावे. एकच जागा शनिवारी परकी आणि बुधवारी स्पर्धक, असे असते. जेवणाचे तर आणखी निराळे. तेथे आपली गाठ हमरस्त्यावरच्या खाणावळींशी आहे.

मग हे ओळखावे कसे? मी फोनजवळ एक वही ठेवली आहे. चौकशीचा फोन आला की गप्पांच्या ओघात विचारते, आणखी कोठे कोठे पाहिलेत? पाहुणे निघताना हातावर दही ठेवते आणि विचारते, आमच्याकडे जागा नसती तर कोठे गेला असता? लोक मोकळेपणाने सांगतात. फोन करून जे आलेच नाहीत, त्यांच्यापुढे फुली. आजवर समोरच्या वहिनींच्या घराचे नाव त्या वहीत फारच थोड्या वेळा आले आहे. काशिद, मुरुड, कर्जत ही नावे मात्र पानोपानी आहेत.

एक भगिनी म्हणाल्या, आपण सगळ्या मिळून एकच दर बांधून टाकू. हेतू चांगला आहे, पण तसे करू नये. स्पर्धकांनी संगनमताने दर ठरविणे २००२ च्या स्पर्धा कायद्याला मान्य नाही. दर जिचा तिने ठरवावा. मात्र आपले घर भरलेले असेल तर पाहुण्याला फोनवर ‘जागा नाही’ एवढेच सांगून त्याला काशिदकडे घालवू नये. शेजारणीचा नंबर द्यावा. येत्या दिवाळीपासून एवढे तरी करून पाहू. समोरच्या वहिनींशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत.

वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. मागच्या पानांवर आमच्या किराणा दुकानदाराची उधारी लिहिलेली आहे, तेवढी पाने सोडून.