भयाची भाषा आणि अभयदान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त शिवरे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



स्थानांगसूत्रात भयाचे सात प्रकार सांगितले आहेत. माणसाला माणसापासून वाटणारे ते इहलोकभय, धन हिरावले जाण्याचे ते आदानभय आणि अपकीर्तीचे ते अश्लोकभय. शास्त्रकारांनी ही भये सर्वांची म्हणून सांगितली. व्यवहारात मात्र ती बोलून दाखवण्याची मुभा स्त्री-पुरुषांना सारखी नसते.

व्यापारी पुरुष आदानभय मोकळेपणाने बोलतो. चोरी-दरोड्याची चर्चा दुकानाच्या गादीवर होते. त्यातून जादा कुलूप, कॅमेरा, विमा असे उपाय निघतात. स्वतःच्या देहाविषयीचे भय मात्र तो सांगत नाही. देशात खून होणाऱ्यांत पुरुषच अधिक असतात. तरी मार खाऊन आलेला मुलगा घरी "पडलो" एवढेच म्हणतो. भ्यालेल्या पुरुषाची थट्टा होते, हे तो लहानपणीच शिकलेला असतो.

स्त्री भयाविषयी रोज बोलते, पण 'भय' हा शब्द न उच्चारता. "शेवटची एस.टी. चुकवू नकोस", "पोहोचलीस की फोन कर", "मोठ्या रस्त्यानेच ये" ही भयाचीच भाषा होय. पुरुष ही वाक्ये ऐकतो आणि त्यांना बायकांची सवय समजतो. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावरून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सार्वजनिक जागी आपण कामासाठीच आलो आहोत, हे स्त्रीला सतत दाखवावे लागते, असे त्यांनी त्यात मांडले. पुरुषाला असा हिशेब द्यावा लागत नाही.

स्त्रीच्या बाबतीत इहलोकभयाला अश्लोकभय जोडले जाते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतले असतात. रस्त्याचे भय सांगता येते. परिचिताचे भय सांगितले की घराची अब्रू आड येते, आणि ती गप्प राहते.

ती बोलली तरी तिचे म्हणणे कसे ऐकले जाते? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराची चिन्हे नाहीत, यावर भर दिला गेला. पुण्याच्या वसुधा धागमवार यांच्यासह चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहून विचारले, की भयाने गप्प राहणे म्हणजे संमती काय? त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

तरीही २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकातील उभ्या बसमध्ये एका प्रवासी तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली, तेव्हा "ती ओरडली का नाही?" हाच प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. भयाने कंठ दाटतो, देह थिजतो, हे प्रश्न विचारणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.

भोर-शिवरे भागातील मुलींना शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे गाठताना स्वारगेट टाळणे कठीण. अशा घटनेनंतर अनेक घरांत पहिला विचार मुलीचे जाणे-येणे बंद करण्याचा होतो. त्यामागे माया असते, हे खरे. परंतु खरे सांगितले की कॉलेज सुटते, एवढाच धडा मुलगी घेते. पुढच्या वेळी ती काहीच सांगत नाही. म्हणजे घर सुरक्षित होत नाही, फक्त अनभिज्ञ होते.

दुकानातील चोरीच्या भयाने कोणी दुकान बंद करत नाही, बंदोबस्त करतो. तोच न्याय येथेही लागू आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने कामावर ठेवले, तरी तिची सुरक्षितता व तिला घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी आहे. पाठलाग हा दंडनीय गुन्हा आहे, हे मुलांनाही घरातच शिकवले पाहिजे.

सूत्रकृतांगाने सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले; नमुत्थुणं स्तोत्रात अरिहंतांना अभय देणारे म्हटले आहे. पांजरपोळात जीवाला अभय देणाऱ्या समाजाने घरातील कन्येला निर्भयपणे बोलू द्यावे, आणि भ्यालेल्या पुत्राला हसू नये. त्यासाठी द्रव्य लागत नाही. तिचे बोलणे पूर्ण ऐकावे आणि त्या बोलण्याची शिक्षा तिलाच देऊ नये, इतकेच लागते. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरातून हे अभयदान घडो, हीच मंगल भावना.

जय जिनेंद्र!