साठीनंतरचा श्रीगणेशा



आमच्या डिलाईल रोडला कागदोपत्रीं ना. म. जोशी मार्ग म्हणतात. येथील चाळींत माझें आयुष्य गेलें आणि येथल्याच मुलांना मीं तीस वर्षें गणित शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. असा मनुष्य साठी उलटल्यावर संगणकावरील खेळ रचावयास शिकतो, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. तरी विद्यार्थी झालेल्या मास्तराची ही हकीकत आपण ऐकावी.

नातीच्या आग्रहावरून मीं अल स्वायगार्ट यांचें नवशिक्यांसाठीं लिहिलेलें इंग्रजी पुस्तक हातीं घेतलें. त्यांतील आज्ञांची भाषा पायथॉन. ती ग्विडो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. आरंभींचा एक खेळ अगदीं साधा आहे. यंत्रानें १ ते २० यांतील एक आंकडा मनांत धरावयाचा व आपण तो सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. चुकल्यास आपला आंकडा लहान कीं मोठा, एवढेंच यंत्र सांगतें. आज्ञा लिहितांना ओळीच्या शेवटचीं दोन टिंबें राहिलीं, तर तें थांबतें आणि ओळीचा क्रमांक दाखवितें. रागावत मात्र नाहीं.

खेळ चालूं लागला तेव्हां मला वाटलें, विद्या आली! मग मीं १ ते १०० आंकडे घेतले व सात पाळ्या ठेवल्या. दर वेळीं मधला आंकडा विचारल्यास १०० चे फार तर ५० उरतात, मग २५, १२, ६, ३ आणि १. म्हणजे सातव्या पाळीस उत्तर सांपडलेंच पाहिजे.

नातीनें ५०, ७५, ८८, ८१, ७८, ७६ असे आंकडे विचारले आणि खेळ संपला. उत्तर ७७ होतें.

"आबा, तुमचा खेळ लबाड आहे," ती म्हणाली.

"तूंच कुठें तरी चुकली असशील," मी म्हणालों. जुनी संवय!

तिनें सहाही पाळ्या कागदावर मांडून दाखविल्या. चूक माझी होती. मीं '१ ते ७' अशी मर्यादा लिहिली होती. आपण 'सातपर्यंत' म्हटलें कीं सात धरतों. पायथॉनच्या 'रेंज'मध्यें शेवटचा आंकडा वगळतात. व्याकरण शुद्ध असल्यामुळें यंत्रानें तक्रार केली नाहीं. चुकला होता तो अर्थ.

त्या रात्रीं मला एक जुना विद्यार्थी आठवला. सोमवारपासून शनिवारपर्यंत दिवस किती, या प्रश्नास तो 'पांच' म्हणे. मीं त्याला बाकावर उभें केलें. 'कसें मोजलेंस?' असें एकदांही विचारलें नाहीं. पुढें तो वर्गांत उत्तरच देईनासा झाला.

पुस्तकांतील आज्ञा उतरवून खेळ चालतो. पण शिकणें सुरू होतें तें त्यांतला एक आंकडा आपण बदलल्यावर. मीं सातच्या जागीं आठ लिहिला आणि सातवी पाळी मिळूं लागली. त्या मुलाची पाळी मात्र आतां मला परत देतां येत नाहीं. म्हणून हल्लीं नातीचें उत्तर चुकलें, तर मी आधीं विचारतों, "कसें मोजलेंस?"