पाय पाहावेत पैलवानाचे

चैत्र लागला की तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या गावोगावी यात्रा भरू लागतात, आणि यात्रेच्या जाहिरातीत, तमाशाच्या फडाच्या नावाखाली, ‘कुस्त्यांची जंगी दंगल’ हे शब्द ठसठशीत अक्षरांत छापलेले आढळतात. ज्यांचे बालपण तालमीच्या आवारात गेले त्यांना मी काय सांगणार? परंतु ज्यांना गाणे कळते, नाटक कळते, फार काय क्रिकेटचे धावफलकही मुखोद्गत असतात, आणि तरीही मातीने माखलेल्या दोन देहांची ती झोंबाझोंबी पाहून ‘यात पाहावयाचे ते काय?’ असे ज्यांच्या मनात येते, त्या मंडळींशी मला आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

कुस्ती म्हटली की कोल्हापूरचे नाव घ्यावयाचे, असा आपल्याकडे दस्तूर पडला आहे, आणि तो गैरवाजवी आहे असेही नाही. मात्र महाराष्ट्र केसरीचे दुसरेच अधिवेशन १९६२ साली धुळ्यास भरले आणि भगवान मोरे तेथे विजयी झाले, पुढे १९६६ साली जळगावास तो किताब दीनानाथ सिंह यांनी पटकावला, हे निदान खानदेशच्या माणसाने तरी विसरू नये. धुळ्याच्या त्या कुस्त्या माझ्या मामांनी पाहिल्या होत्या. आणि कचेरीच्या दप्तरात डोके खुपसून बसणाऱ्या भाच्याला पांझरेकाठच्या एका दंगलीस हाताला धरून नेले तेही त्यांनीच.

मामा बोलण्यात मोठे कंजूष. हलगी कडाडू लागली, जोडी हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, उतरली, मी दोघांच्या चेहऱ्यांकडे टक लावून पाहू लागलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तोंड काय देखस, भाऊ? पाय देख.” त्यानंतर त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि थोड्याच वेळात माझ्या ध्यानात आले, की डाव पडण्याच्या क्षणभर आधी त्यांची बोटे आवळली जातात. लोक ओरडत ते डाव पडल्यावर. मामांच्या बोटांना तो आधीच कळलेला असे. मग मी त्या बोटांवरून मागोवा घेत पैलवानांच्या पायांपर्यंत पोचू लागलो.

प्रथम माती पाहावी. ती चाळून, तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून मऊ केलेली असते. पैलवान ती कपाळी लावतो, हा भक्तिभाव झाला. पण तीच माती तो प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर आणि मानेवर टाकतो, त्यात व्यवहार आहे, कारण घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसत नाही.

नंतर येते खडाखडी. एकमेकांच्या मानेवर हात, कपाळाला कपाळ, आणि नुसतेच रेटणे, झटकणे, पुन्हा रेटणे. नवखा प्रेक्षक नेमका येथेच कंटाळतो आणि शेंगदाण्यांच्या पुडीकडे वळतो. वास्तविक ही निष्णात वकिलाची उलटतपासणी असते: प्रश्न क्षुल्लक, आणि लक्ष उत्तराकडे नसून साक्षीदार कोठे चुळबुळतो याकडे. मानेला हिसका दिला की समोरचा तोल सावरण्यासाठी कोणता पाय पुढे टाकतो? दुसऱ्यांदाही तोच टाकतो काय? टाकत असेल, तर तिसऱ्या हिसक्याला, तो पाय मातीवर टेकतो न टेकतो तोच, हा खाली सूर मारून त्याला कवेत घेतो. हाच एकेरी पट. आणि ज्याने हा पट ओळखला आहे, तो आपले पाय मागे फेकून आपल्या छातीचा सारा भार त्याच्या पाठीवर टाकतो; की लगेच पट काढणारा खाली आणि कब्जा दुसऱ्याचा. हे सारे घडावयास डोळ्याचे पाते लवण्याइतकाच अवधी लागतो.

गादीवरील कुस्तीत गुण असतात, वेळ मोजलेला असतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागली आणि तरी सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. मातीतल्या दंगलीत मात्र प्रेक्षकाला पाठ टेकलेली पाहावयाची असते, आणि जोड बरोबरीत सुटली की तो चरफडतो. १९६३ साली साताऱ्यास महाराष्ट्र केसरीचा फैसलाच झाला नाही, तेव्हाही पुष्कळांची निराशा झाली असेल. पण आमच्या त्या दंगलीत शेवटून दुसरी कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली, भोवतालचे लोक कुरकुरू लागले, आणि मामांनी मात्र धोतराच्या सोग्यातून नोटा काढून दोन्ही पैलवानांना सारखे इनाम दिले. चीतपट होणारी कुस्ती पुष्कळदा एकाच्या गफलतीने होते; या दोघांनी एकमेकांना गफलत करूच दिली नव्हती.

तेव्हा यंदा यात्रेस जाल, तर उंच बाकाचा किंवा गच्चीचा मोह धरू नका. तेथून पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. हौद्याच्या कडेला, जमिनीवर, मावळतीकडे पाठ करून बसा. नामांकित जोडी शेवटी, दिवस कलताना लागते, आणि समोरून ऊन डोळ्यांत आले तर त्या वेळी काहीच दिसत नाही.