लिंबाची वीज, की जस्ताची?

(मंडळाच्या मराठी शाळेतील मुले व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



टेबलावर चार लिंबं पाहून घाबरू नका, कोणाची दृष्ट काढायची नाहीये! यांच्यावर आपण एक दिवा लावणार आहोत.

गेल्या वर्षी माझ्या नातीला शाळेच्या सायन्स फेअरसाठी प्रयोग हवा होता. मी म्हटलं, "लिंबाची बॅटरी कर." कृती सोपी. लिंबू तळहाताखाली दाबून लाटायचं, म्हणजे आत रस सुटतो. मग त्यात एकीकडे जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि दुसरीकडे तांब्याची जाड तार खुपसायची. दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत.

एका लिंबावर लाल एलईडी काही लागेना. मीटर लावला, तर जेमतेम ०.९ व्होल्ट! लाल एलईडीला १.८ च्या आसपास लागतात. मग चार लिंबं ओळीने जोडली, एकाचं तांबं पुढच्याच्या खिळ्याला. एलईडीचा लांब पाय टोकाच्या तांब्याला, आखूड पाय टोकाच्या खिळ्याला. खोलीत अंधार केला आणि मिणमिणता लाल ठिपका दिसला. काय आनंद झाला पोरीला!

तिने पोस्टरवर लिहिलं, 'लिंबात वीज असते.' तसं मीच सांगितलं होतं, जन्मभर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेल्या आजोबांनी! परीक्षकबाईंनी विचारलं, "लिंबाऐवजी व्हिनेगर घेतलं तर?" ती गप्प. घरी येऊन रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला चुकीचं सांगितलंत का?"

आम्ही दोघं पुन्हा बसलो. चार कपांत व्हिनेगर घेतलं, दिवा लागला. मग परत लिंबं घेतली, पण खिळ्यांच्या जागीही तांब्याच्याच तारा लावल्या. दिवा लागला नाही.

म्हणजे खरी गंमत दोन वेगळ्या धातूंत आहे. आंबट रसात जस्त विरघळतं, त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या तारेतून तांब्याकडे धावतात. तीच आपली वीज. पणतीत तेल जळतं, पण त्याला हवा लागते. इथे जस्त म्हणजे तेल आणि रस म्हणजे हवा! इटलीच्या व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून बॅटरी केली. त्यात लिंबू कुठे होतं?

मी नातीला म्हटलं, "चुकलं माझं." तिने पोस्टर पुन्हा लिहिलं. बक्षीस तर नव्हतंच, पण ते आजही आमच्या फ्रिजवर आहे.

आयांनो, प्रयोगानंतर या लिंबांचं सरबत करू नका, त्यात जस्त उतरलेलं असतं. आणि मुलांनो, आजोबांनी सांगितलं तरी "कशावरून?" असं जरूर विचारा. आम्हाला राग येणार नाही. आला, तरी विचारा!

चला, आता हॉलमधले दिवे मालवा बरं. शुभ दीपावली!