बिनमुद्रांकाचा करार आणि लवादाची मुदत



वसंतात संध्याकाळी व्याख्यान ऐकायची सवय आपल्याला न्यायमूर्ती रानड्यांनी लावली. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची. त्याच दशकात रानडे आणि सार्वजनिक काका जोशी यांच्या मंडळींनी पुण्यात लवाद कोर्टही चालवून पाहिले. सरकारी कोर्टाचा खर्च आणि हेलपाटे वाचावेत, जाणत्या माणसाने दोघांचे ऐकून निवाडा द्यावा, एवढाच त्यामागचा हिशेब. रानडे स्वतः सरकारी न्यायाधीश होते, म्हणजे कोर्टाची दिरंगाई त्यांना आतून ठाऊक होती.

आजचा लवाद कायदा १९९६ चा. त्याचे कलम ५ सांगते की, या कायद्यात जिथे म्हटले आहे तेवढीच ढवळाढवळ न्यायालयाने करावी. असे असूनही २०११ पासून पुढे तेरा वर्षे सर्वोच्च न्यायालयाला दोन प्रश्नांनी पुनःपुन्हा गाठले. करारावर मुद्रांक नसेल तर त्यातले लवादाचे कलम चालते का? आणि लवादाची मुदत उलटून गेल्यावर ती वाढवून मिळते का? ऐकायला दोन्ही प्रश्न किरकोळ वाटतात. मुळात तो एकच प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे. जी उणीव पैसे भरून किंवा अर्ज करून दूर होते, तिने लवादाचा जीव जावा का?

आधी मुद्रांकाचे पाहू, आणि आकडे घालूनच पाहू. समजा, एका ठेकेदाराने तीन कोटींचे काम घेतले. कामाच्या ठेक्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क हजारी साधारण एक रुपया पडते, म्हणजे तीस हजारांच्या आसपास. घाईत वर्क ऑर्डर लेटरहेडवर निघाली, दोघांनी सह्या-शिक्के केले, मुद्रांक कुणीच लावला नाही. आपला कायदा मोठा उदार आहे. सही झाल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत शुल्क भरले तरी चालते. पण तो दिवसही गेला. तीन वर्षांनी बिल अडले, भांडण झाले. कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड, म्हणजे छत्तीस महिन्यांचे बहात्तर टक्के. तीस हजारांवर एकवीस हजार सहाशे. शुल्क आणि दंड मिळून एक्कावन्न हजार सहाशे. तीन कोटींच्या भांडणात ही रक्कम वकिलाच्या एका तारखेच्या फीएवढी. पण ही रक्कम भरायची कुणी, कधी आणि कुठल्या दारात, यावर प्रकरणे वर्षानुवर्षे अडली.

ती अडली कशी, ते सांगतो. दस्तावर पुरेसा मुद्रांक नसेल तर तो पुराव्यात घेता येत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचे कलम ३४ हेच सांगते. त्याआधीचे कलम ३३ म्हणते की, असा दस्त ज्याच्यापुढे येईल त्याने तो अडकवून ठेवायचा, वकिली बोलीत इम्पाउंड करायचा, आणि शुल्क-दंड वसुलीच्या वाटेला लावायचा. आता लवाद नेमून द्या म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला, त्याला हाच करार जोडला, तर न्यायमूर्तींनी त्याच टप्प्यावर तो अडकवायचा का? २०११ साली एस. एम. एस. टी इस्टेट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हो. २०१५ साली संसदेने लवाद कायद्यात घातले की, नेमणूक करताना न्यायालयाने लवादाचा करार अस्तित्वात आहे की नाही एवढेच पाहावे. आता तरी प्रश्न मिटला असे वाटले. मग आले गरवारे वॉल रोप्सचे प्रकरण.

कंपनी आपल्या पुण्याची, काम ओडिशाच्या किनाऱ्यावर पेंठा गावचे. समुद्र जमीन खात होता, म्हणून तिथे जिओटेक्स्टाइल नळ्यांचा बंधारा घालायचा होता. उपठेकेदाराशी बिनसले. मुंबई उच्च न्यायालयाने लवाद नेमला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ती नेमणूक रद्द केली, कारण उपठेक्याच्या करारावर मुद्रांक नव्हता. आधी दस्त मुद्रांक अधिकाऱ्याकडे जाऊ द्या, त्याने शक्यतो पंचेचाळीस दिवसांत शुल्क-दंड ठरवावा, मग नेमणुकीचे बघू. हे पंचेचाळीस दिवस ज्यांनी लिहिले त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाकावर कधी बसलेला माणूस हा आकडा ऐकून हसल्याशिवाय राहणार नाही.

पुढचा वाद नागपूरच्या व्यापारी न्यायालयातून निघाला. एन. एन. ग्लोबल विरुद्ध इंडो युनिक फ्लेम. कोळसा वाहतुकीची २०१५ ची वर्क ऑर्डर, बिनमुद्रांकाची. जानेवारी २०२१ मध्ये तीन न्यायमूर्ती म्हणाले, लवादाचे कलम हा करारातला स्वतंत्र करार आहे, मूळ दस्तावरच्या मुद्रांकाच्या उणिवेने तो मरत नाही. आधीचे निकाल याच्या विरुद्ध असल्याने प्रकरण पाच जणांपुढे गेले. २५ एप्रिल २०२३ ला तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल उलटा लागला: मुद्रांक नसलेला दस्त कायद्याच्या दृष्टीने करारच नाही, तेव्हा त्यातले लवादाचे कलमही अस्तित्वात नाही. न्यायमूर्ती रस्तोगी आणि न्यायमूर्ती रॉय यांनी वेगळे मत दिले. त्यानंतरचे काही महिने मुंबईत लवाद नेमून घ्यायला गेलेल्या पक्षकारांनी कसे काढले असतील याची कल्पना करा. ज्याला लवाद टाळायचा, त्याने करार उलटून पाहायचा. मुद्रांक कमी दिसला की काम झाले. त्यातही गंमत अशी की, शुल्क बुडवण्यात दोघेही सामील असत, आणि त्यांतला एकजण उभा राहून म्हणे, ‘साहेब, करार बेकायदा आहे.’

हे फार काळ चालले नाही. १३ डिसेंबर २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने तो निकाल बाजूला सारला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. दस्त पुराव्यात न चालणे ही एक, आणि दस्त रद्दबातल असणे ही दुसरी. मुद्रांकाची उणीव पहिल्या घरात बसते. पैसे भरले की ती निघून जाते. मुद्रांक कायदा हा तिजोरीचा कायदा आहे, प्रतिपक्षाच्या हाती तांत्रिक हत्यार देण्यासाठी तो केलेला नाही. हे तर सर्वोच्च न्यायालयानेच हिंदुस्थान स्टीलच्या प्रकरणात १९६९ साली म्हणून ठेवले होते. पन्नासहून अधिक वर्षांनी तेच पुन्हा सांगायला सात न्यायमूर्ती बसवावे लागले.

निकालाचा कणा मात्र मला दुसरीकडे दिसतो. मुद्रांक कायद्याने दस्त अडकवायचे काम ‘कायद्याने किंवा पक्षकारांच्या संमतीने’ पुरावा घेण्याचा अधिकार ज्याला आहे अशा प्रत्येकाला दिलेले आहे. संमतीने पुरावा घेणारा म्हणजे कोण? लवादच. तेव्हा सरकारचे शुल्क बुडणार नाही, लवाद ते वसूल करवील. नेमणुकीच्या दारात न्यायालयाने कशाला अडायचे? हा युक्तिवाद मला शंभर टक्के पटतो. पण याचा अर्थ मुद्रांकाचा प्रश्न संपला असा मात्र नाही. तो कोर्टाच्या दालनातून उठून लवादाच्या खोलीत गेला.

तिथे काय होते? दावा दाखल, जबाब दाखल, प्रत्युत्तर झाले. पुरावा सुरू होतो. दावेदाराचा साक्षीदार करार पुढे करतो आणि त्यावर पुरावा म्हणून निशाणी घालायची वेळ येते. त्या क्षणी समोरचे वकील उठतात: दस्तावर मुद्रांक नाही, निशाणी देऊ नये. हा क्षण त्यांना चुकवून चालत नाही, कारण एकदा निशाणी पडली की पुढे त्याच कारवाईत मुद्रांकाची हरकत घेता येत नाही. लवादाला हरकत मान्य करावी लागते. दस्त अडकतो आणि मुद्रांक कार्यालयाची वाट धरतो. तिथून तो कधी परत येईल हे लवादाच्या हाती नाही, आणि मुदतीचे घड्याळ तेवढ्यात चालूच असते.

हे घड्याळ कायद्यात आले कसे, त्याचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९४० च्या जुन्या कायद्यात लवादाला चार महिने होते. चार महिन्यांत क्वचितच काही होई, मग मुदतवाढीसाठी कोर्टात अर्ज. १९८१ साली गुरू नानक फाउंडेशनच्या निकालात न्यायमूर्ती देसाई यांनी या कायद्याखाली जे चालते त्याच्यावर कडवट टीका केली. १९९६ च्या कायद्याने मुदतच काढून टाकली. मग लवाद वर्षानुवर्षे चालू लागले. आज एक बैठक, पुढची दोन महिन्यांनी, दर बैठकीची फी वेगळी. म्हणून २०१५ मध्ये कलम २९अ आले: बारा महिन्यांत निवाडा, दोघांच्या संमतीने आणखी सहा, त्यापुढे न्यायालय वाढवील तेवढीच मुदत. सहा महिन्यांत निवाडा दिला तर जादा फी ठरवता येते, आणि उशीर लवादामुळे झाला असे न्यायालयाला दिसले तर दर महिन्याला पाच टक्क्यांपर्यंत फी कापता येते. फी कापल्याचे उदाहरण शोधावे लागते, ही गोष्ट वेगळी. बारा महिने मोजायचे ते लवाद नेमल्यापासून, असे आधी होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१७ साली सुचवले आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते दावा-जबाब पूर्ण झाल्यापासून मोजायचे ठरले. म्हणजे पुराव्याच्या टप्प्यावर दस्त अडकला तर तो नेमका घड्याळ सुरू झाल्यावर अडकतो. दस्त मुद्रांक कार्यालयात असलेला काळ वगळावा असे कलम २९अ मध्ये कुठेही लिहिलेले नाही. करोनाचा काळ, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२, सर्वोच्च न्यायालयाने स्वतः वगळून दिला होता. मुद्रांकाच्या फायलीला अशी सवलत नाही.

आता मुदत संपली, आणि अर्ज करायचा राहून गेला. मग? कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटले, अर्ज मुदतीतच हवा. मुदत संपली की लवादाचा अधिकार संपला, मेलेल्यात जीव घालता येत नाही. मुंबई आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी उलट मत दिले. मला तर हा वाद व्हायलाच नको होता असे वाटते, कारण न्यायालय मुदत ‘संपण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर’ वाढवू शकते असे कलमातच लिहिलेले आहे. पण वकिलाला शब्दात फट सापडली की तो तिच्यात पाचर मारतोच. कलकत्त्याचे म्हणणे असे की, न्यायालयाचा हुकूम मुदतीनंतर निघाला तरी चालेल, अर्ज मात्र आधी पडलेला हवा. रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या प्रकरणात १२ सप्टेंबर २०२४ ला न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी हा वाद मिटवला. अर्ज मुदतीनंतरही करता येतो. अधिकार संपतो हे खरे, पण ते संपणे मुदतवाढीच्या हुकमाच्या अधीन आहे. वर्षभर पुरावा झालेले प्रकरण केवळ एक अर्ज उशिरा पडला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, याने कुणाचा वेळ वाचला असता? याचा अर्थ मुदतवाढ मागितली की मिळाली, असे नाही. पुरेसे कारण दाखवावे लागते, न्यायालय अटी घालू शकते, लवाद बदलूही शकते.

दोन्ही निकाल माझ्या मते बरोबर आहेत. पण मुदतवाढीच्या अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कलम म्हणते, तो अर्ज मुंबईत उच्च न्यायालयात आणि पुण्या-नाशकात जिल्हा न्यायालयात, आणि तिथल्या बोर्डावर तुमचा नंबर कितवा लागतो ते आपण सगळे जाणतो. तीन कोटी ज्याचे अडकले आहेत त्याच्यावर या काळात बँकेचे व्याज चढत असते. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला घाई नसते. म्हणून संसदेने पुढची दुरुस्ती केली तर तिच्यात एक वाक्य घालावे, असे मी इथे जाहीरपणे मागतो: दस्त मुद्रांक अधिकाऱ्याकडे असलेला काळ बारा महिन्यांतून वगळावा, आणि त्या अधिकाऱ्यालाही दिवस ठरवून द्यावेत.

तोवर इथे बसलेल्या व्यापारी, ठेकेदार आणि गृहसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एवढेच सांगतो. उद्या कपाटातले करार बाहेर काढा. ज्यात लवादाचे कलम आहे आणि मुद्रांक नाही किंवा कमी आहे, तो भांडण होण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घ्यायला, द्या. दंड महिन्यामहिन्याने वाढतो. लवाद सुरू असेल तर दावा-जबाब ज्या दिवशी पूर्ण झाले ती तारीख रोजनाम्यात लिहून घ्या, सहा महिन्यांच्या वाढीची संमती दोघांच्या सहीने त्याच रोजनाम्यात येऊ द्या, आणि अठरावा महिना संपायच्या आधी न्यायालयात अर्ज टाका. मुदतीनंतरही अर्ज चालतो हे आता ठरले आहे, पण त्यावर विसंबू नका.