पाच जणींचा छोटा हत्ती

पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीवरून आम्ही पाच जणी आज तुमच्याशी बोलतोय. आमच्या बचत गटात बारा जणी आहेत, पण गाडीत भागीदार पाचच. बोलणारी एक आहे, बाकीच्या चौघी समोर बसल्यात, चुकलं की खुणावणार आहेत.

विषय आमच्या गाडीचा. छोटी पिकअप, पिवळ्या पाटीची, मागे उघडा हौदा. कंपनी कोणतीही असो, लोक तिला छोटा हत्तीच म्हणतात. गेली चार वर्षं ती आमच्या दारात उभी आहे आणि आता प्रश्न पडलाय की हीच ठेवायची, बदलायची, की विकून मोकळं व्हायचं. बऱ्याच जणी आम्हाला विचारतात, "घेऊ का अशी गाडी?" त्या सगळ्यांना आज एकदमच सांगतो.

आधी आम्ही का घेतली ते. आमच्याकडं अंजीर आणि सीताफळ. सीताफळ एखादा दिवस वाट बघतं, अंजीर बघत नाही. पहाटे तोडलं की त्याच दिवशी बाजारात पोचलं पाहिजे. भाड्याचा टेम्पो मात्र त्याच्या सोयीनं यायचा. आधी मोठ्या बागायतदाराचा माल भरायचा, मग आमच्या वीस-पंचवीस पेट्या कोपऱ्यात, वर दुसऱ्याचं ओझं. मार्केट यार्डात पोचेपर्यंत खालच्या पेटीतून रस गळायचा आणि पट्टी हातात आली की तोंडाचं पाणी पळायचं. २०२१ च्या दिवाळीत प्रत्येकीनं वीस हजार काढले, उरलेलं कर्ज घेतलं आणि जुनी गाडी ३ लाख ४० हजारांना घेतली. पेट्रोल आणि सीएनजी, दोन्हीवर चालणारी.

ह्या गाड्यांची जात समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. २००५ साली टाटांनी एस ही गाडी काढली. तिचं दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा जवळजवळ अर्धा भाग. २०१६ साली मारुतीनं सुपर कॅरी आणली. तिचं पेट्रोल इंजिन ईको व्हॅनमधलंच. म्हणजे ही गाडी ट्रकची धाकटी बहीण दिसते, पण माहेर मोटारीचं. त्याचा फायदा असा, की साधा मेकॅनिक तिला हात लावतो, तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात, बोळातून वळते आणि चालवायला मोटारीइतकीच हलकी. तोटा असा, की ट्रकचं ओझं तिच्यावर टाकलं तर ती सांगत बसत नाही, मोडते. ते कसं, ते पुढं येईलच.

आता कागदाची बाजू, कारण बाया तिथंच घाबरतात. भरलेलं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्यानं परमिट लागत नाही. आपली गाडी त्यात आरामात बसते. गाडी चालवायला हलक्या मोटारीचं लायसन्स पुरतं. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी त्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पक्कं केलं. आमच्यातल्या दोघींनी ह्याच आधारावर स्टीअरिंग हातात घेतलं. पहिल्यांदा गाळ्यावर गाडी लावली तेव्हा हमाल विचारत होते, "ड्रायव्हर कुठाय?" आता विचारत नाहीत.

फिटनेस मात्र चुकत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. विमा घरच्या मोटारीपेक्षा पुष्कळ महाग. आणि पुढं दोनच माणसं बसतात, चालवणारी आणि शेजारची. लग्नाला घरदार घेऊन जायला ही गाडी नाही. ज्यांना "शेताला पण आणि घराला पण" अशी एक गाडी हवी आहे, त्यांनी हिच्या नादी लागू नये.

आता अंजिराचं गुपित. पहिल्या हंगामात आम्ही आमच्याच गाडीतून, एकट्याचा माल घेऊन गेलो, तरी खालच्या पेट्या डागाळल्या. आम्ही चक्रावलो. कारण नंतर कळलं. मागचे पाटे सहा-सातशे किलो वजन पेलायला बनवलेले असतात. दोनशे किलो अंजीर टाकलं की ते वाकतच नाहीत, गाडी रस्त्यावर उड्या मारते. भरलेली गाडी मऊ चालते, हलकी गाडी हाडं खिळखिळी करते. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. अंजीर एकटं न्यायचं नाही, बरोबर कुणाचा तरी जड माल घ्यायचा, कांदा नाहीतर भोपळा. जड माल खाली, केबिनच्या अंगाला, पाट्यांवर सारखा भार येईल असा. अंजिराच्या पेट्या वर, खाली भाताच्या पेंढ्याची गादी. आणि टायरमध्ये हवा डोळ्यांनी अंदाज करून न भरता, कंपनीनं हलक्या आणि भरल्या गाडीसाठी दिलेल्या तक्त्याप्रमाणं. डाग पुष्कळ कमी झाले. शेजारणीचा कांदाही त्याच भाड्यात पोचायला लागला, तिचंही भलं झालं.

ओझ्याची गोष्ट आमच्याच चुकीची आहे. सीएनजीची टाकी स्वतःच जड असते, त्यामुळं तेवढा माल कमी घ्यावा लागतो. आमच्या गाडीला सव्वासहाशे किलो माल चालतो. टोमॅटोचं कॅरेट बावीस किलोचं धरलं तर अठ्ठावीस कॅरेट, बस्स. हे माहीत असून एका जूनमध्ये आम्ही चव्वेचाळीस भरली. भाव चढला होता, डोळ्यावर पट्टी होती. दिवे घाट उतरताना ब्रेकचा करपट वास यायला लागला. वाहिनी गाडी चालवत होत्या, त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, म्हणून घाट उतरलो. खाली आल्यावर एका गतिरोधकावर मागचा पाटा तुटला. कॅरेट रस्त्याच्या कडेला, आम्ही कॅरेटवर, आणि भाव दुपारपर्यंत उतरला. तेव्हापासून हौद्याच्या आतल्या अंगाला रंगानं मोठ्ठा २८ आकडा लिहिलाय. आणि घाटाचा नियम तोंडपाठ आहे. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल कधीही नाही.

आता जे बोलायला जड जातं ते बोलतो. आमच्याकडं पावसाळ्यात वाटाण्याची तोडणी असते. एका शेतकऱ्यानं विचारलं, "चौदा बाया हौद्यातून आणा-न्या, रोजचे हजार देतो." आमच्यात दोन तट पडले. "सगळेच नेतात" असं म्हणणाऱ्या तिघी होत्या. दोन दिवस आम्ही नेल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला आणि एका पोरीची हनुवटी फाळक्यावर आपटली. तीन टाके पडले.

त्या रात्री थोरल्या आक्कांनी सगळ्यांना बोलावलं. आक्कांच्या पायात सळई आहे, टेम्पो उलटला होता हे आम्हाला माहीत होतं. पण त्या टेम्पोत बसताना मनात काय होतं ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं की पडेन. पण मी नको म्हटलं असतं तर उद्या कामाला दुसरी गेली असती." त्यावर कुणी काही बोललं नाही.

मालाच्या गाडीत मजूर नेणं बेकायदा आहेच. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई गाडीवाल्याच्या गळ्यात पडू शकते. पण खरं सांगायचं तर आम्ही थांबलो ते विम्यामुळं नाही, आक्कांमुळं. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यानं दुसरा टेम्पो लावला आणि त्याच बाया त्यात बसल्या. म्हणजे आमच्या नकारानं बाया सुरक्षित झाल्या नाहीत. मग आम्ही टोळ्यांच्या मुकादम बायांना भेटलो. मजुरी ठरवतानाच वडापचं भाडं वेगळं मागून घ्या, म्हणालो. दोन टोळ्यांनी ते धरून लावलं आणि त्या आता जीपमधून जातात. तिसरी टोळी अजून टेम्पोतून जाते. तो हजार रुपये रोज आम्हाला त्या महिन्यात फार आठवला, हेही लपवत नाही.

आता हिशेब. मार्केट यार्डाची एक खेप, जाऊन-येऊन साधारण ७५ किलोमीटर. गॅस साडेतीनशेच्या आसपास, चालवणारीचे पाचशे. भाडं बाहेर बावीसशे. पहिल्या वर्षी आम्ही म्हणायचो, साडेतेराशे सुटले! मग एकाच जूनमध्ये विमा, टायर आणि क्लच एकदम समोर आले आणि हप्ता भरायला गटातून उसने घ्यावे लागले. आता प्रत्येक खेपेचे तीनशे टायर-दुरुस्तीला, दोनशे विमा-फिटनेसला आणि तीनशे पुढच्या गाडीला बाजूला पडतात. म्हणजे खेपेचा खरा खर्च साडेसोळाशे. सुटतात साडेपाचशे. मोठी कमाई नाही. पण माल आमच्या वेळेला निघतो आणि कुणाच्या पेटीखाली जात नाही. खरी कमाई ती. हंगाम सोडून गाडी दारात उभी राहते, तेव्हा मंडपाचं सामान, कडबा, पिठाच्या गिरणीचा माल अशी भाडी मारतो. महिन्याला आठ तरी खेपा नसतील तर अशी गाडी घेऊ नये, भाड्यानंच परवडते.

आणि पुढं काय? आमच्यातल्या एकीची मुलगी कॉलेजात आहे. तिनं सांगितलं की दक्षिण आफ्रिकेत मोटारीच्या बांध्यावरच्या छोट्या पिकअप घरोघरी असायच्या, तिथली शेवटची, निसानची एनपी २००, २०२४ मध्ये बनायची थांबली. आणि ब्राझीलमध्ये तशाच जातीची फियाट स्ट्राडा देशात सगळ्यांत जास्त खपणारी गाडी झाली. म्हणजे ही जात मरेल की तगेल हे गाडीवर नाही, तिला काम देणाऱ्यावर आहे.

आपल्याकडं तरी ती तगेल असं दिसतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. टाटांनी त्याच वर्षी एस प्रो काढली, पेट्रोल, सीएनजी आणि विजेवरची. विजेवरची पहिली एस २०२२ ची, कागदावर एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर जाणारी. आमची खेप ७५ ची. भार, घाट आणि उन्हाळा धरून कागदावरचा आकडा कमी केला तरी जमावं. शिवाय आमचा रस्ता उलटा आहे. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. विजेची गाडी उतारावर थोडी वीज परत बॅटरीत भरते आणि ब्रेकवरचा ताणही कमी करते. सीएनजीच्या रांगेत आमची पहाट जाते, तीही वाचेल. अडचण एकच मोठी, बॅटरी थकल्यावर जुनी गाडी घेणार कोण आणि कितीला? आम्ही स्वतः जुनीच गाडी घेऊन उभ्या राहिलो, म्हणून हा प्रश्न आम्हाला टोचतो.

पाच जणींत तिघी नव्या सीएनजी गाडीच्या बाजूच्या, एक विजेच्या, एक "विका आणि भाड्यानं मागवा" म्हणणारी. शेवटी ठरलं ते असं. ही गाडी अजून दोन हंगाम चालवायची. तीनशेचा डबा मोडायचा नाही. आणि विजेची गाडी बघायला जाताना रिकाम्या गाडीत चक्कर मारून यायचं नाही. पाचशे किलो वाळूची पोती टाकून, दिवे घाट उतरून-चढून बघायचं. विक्रेत्याला फोन केला तर तो हसला. आम्ही म्हटलं, "हसा, पण पोती आमची आम्ही आणतो." तारीख अजून मिळाली नाही. मिळाली की इथंच येऊन सांगू.

तुम्ही घेणार असाल तर तीन प्रश्न आधी वहीत लिहा. वर्षभरात भरून खेपा किती? माल जास्तीत जास्त किती किलोचा? आणि विमा, टायर, पुढची गाडी ह्यांचे पैसे कोणत्या डब्यात? चौथा प्रश्न आक्का सांगतायत. हौद्यात माणसं बसवा असं कुणी म्हटलं तर नाही कोण म्हणणार, ते गाडी घ्यायच्या आधीच ठरवा. नंतर जड जातं.

आता निघतो. चार वाजलेत, उद्याच्या पेट्या भरायच्यात. नमस्कार.