शिकवणारे यंत्र आणि त्याला शिकवणारा

विषय कारखान्यातला आहे, पण आपल्यापैकी अनेकांची भाकरी तिथलीच, म्हणून ऐकून घ्या.

१९८० च्या दशकात अमेरिकन हवाई दलापुढे पेच होता. एफ-१५ विमानांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासणारे यंत्रच बिघडले, तर ते दुरुस्त कोण करणार? अवघड बिघाड क्वचितच होतात, त्यामुळे नव्या तंत्रज्ञाला सराव मिळत नसे. पिट्सबर्ग विद्यापीठात अ‍ॅलन लेसगोल्ड आणि सहकाऱ्यांनी 'शेरलॉक' ही संगणकप्रणाली केली. ती पडद्यावर बिघाड उभा करी आणि अडलात तर सूचना देई. २०-२५ तासांच्या सरावाने नवशिके सुमारे ४ वर्षे जास्त अनुभव असलेल्यांच्या बरोबरीला आले.

व्यवस्थापक हा आकडा ऐकून खूश होतात. मीही झालो होतो. पण शेरलॉकला शिकवले कोणी? जाणत्या तंत्रज्ञांनीच, प्रश्नांना उत्तरे देऊन.

आमच्या कारखान्यात अशीच प्रणाली करताना एका वयस्क मेकॅनिकच्या मुलाखती मी घेतल्या. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग गेले हे तो ओळखी. मला ऐकू येईना, तेव्हा त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला शिकवले. प्रणाली सुरू झाली आणि पुढच्या कपातीत त्याचे नाव आले. यादी माझी नव्हती, टिपणे मात्र माझीच होती.

नव्या प्रकल्पात मी २ अटी घातल्या: सांगणाऱ्याची नोकरी लेखी सुरक्षित हवी आणि प्रणालीवर त्याचे नाव हवे. नावाची अट लगेच मान्य झाली. नोकरीवर बोलणी चालू आहेत.